पाणपोई आणि ऋणफेड

चैत्र सरता सरता नागपुरात सीताबर्डीच्या रस्त्यांवर पाणपोया उभ्या राहतात. तहानलेल्याची जात, पंथ वा भाषा तेथे कोणी विचारीत नाही. ज्या नगरीत २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला, तेथे हे पुण्यकर्मच होय.

परंतु त्याच रस्त्यावरील थंडगार दालनांची यंत्रे आतील उष्णता बाहेर फेकतात. ती सोसतो तो हातगाडीवाला, हमाल आणि रिक्षाचालक. या यंत्रांना लागणारी वीज बव्हंशी कोळशाची. तिच्या राखेचा भार कोराडी-खापरखेडा परिसरातील गावे वाहतात. ज्याच्या तहानेत दात्याचाही वाटा आहे, त्यालाच ओंजळभर पाणी देण्यास परोपकार म्हणावे काय?

जागतिक व्यासपीठावर भारत नेमका हाच प्रश्न विचारीत आला आहे. धनाढ्य राष्ट्रांनी २००९ साली कोपनहेगन येथे, २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभारण्याचे वचन दिले. तो आकडा गाठला गेला २०२२ साली, तोही बराचसा कर्जरूपाने! भारताचे दरडोई कर्बउत्सर्जन अमेरिकेच्या सुमारे एक सप्तमांश आहे. तेव्हा हा निधी म्हणजे उपकार नसून भरपाई आहे, ही भारताची भूमिका सर्वथा न्याय्य आहे. मात्र जो न्याय वॉशिंग्टनला, तोच सीताबर्डीलाही लागू होतो. स्वतःच्या गल्लीत सोडून दिलेले तत्त्व जगापुढे मांडण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

हिंदू चिंतनाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. दान ऐच्छिक असते. ऋण मात्र फेडावेच लागते. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ सांगतो की, प्राणिमात्रांचा वाटा काढल्यावाचून गृहस्थाने जेवू नये. पितृऋणाची संकल्पना तर याहून अर्थपूर्ण आहे. हे ऋण केवळ पूर्वजांच्या तर्पणाने फिटत नाही. पुढील पिढीचे संगोपन करूनच ते फिटते. हवामानबदलाच्या संकटात ज्यांचे हित जपावयाचे, त्यांतील कित्येक अद्याप जन्मालाही आलेले नाहीत. ते आभार मानणार नाहीत, सत्कारही करणार नाहीत. म्हणूनच कर्तव्यबुद्धीची खरी कसोटी येथे लागते.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडताना, सृष्टीच्या मर्यादा ओळखून उपभोग घेण्याचा आग्रह धरला होता. त्यांचे स्मरण केवळ जयंतीपुरते नको. दालनाची दारे सताड उघडी ठेवून गारवा उधळू नये, छपरांना पांढरा रंग द्यावा, गच्चीवरील पाणी जमिनीत मुरवावे, दुकानापुढील झाड फलकासाठी छाटू नये. यातील एकही गोष्ट व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेरची नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीला पूर आला आणि शहराच्या सखल वस्त्या जलमय झाल्या, तो अनुभव नागपूरकर विसरलेले नाहीत.

पाणपोया अवश्य चालाव्यात, वाढाव्यातही. परंतु तेथे पाणी देणाऱ्या हाताने स्वतःला दाता न समजता ऋणको समजावे. समाज या भावनेने उभा राहिला, तरच पुढील पिढ्यांना सावली लाभेल.