नाव नसलेला गृहस्थ

आमच्या फैजपूरच्या बैठकीत एका परदेशी तरुणाच्या तसबिरीची छापील प्रत टांगलेली आहे. येणारा पाहुणा पाणी पिऊन होताच विचारितो, "हे कोण?" "ठाऊक नाही," असे उत्तर मिळाले की त्याची दृष्टी चित्रावरून जी ढळते ती पुन्हा तिकडे वळत नाही. एका विद्वान स्नेह्यांनी तर "मग लावले कशाला?" असेच विचारिले. त्यांस उत्तर देणे प्राप्त आहे.

मूळ चित्र डच चित्रकार फ्रान्स हाल्स याने १६२४ साली रंगविले. ते लंडनच्या वॉलेस संग्रहात आहे. वय २६ आणि साल हे चित्रावरच लिहिले आहे. नाव तेवढे नाही! पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्याचे 'हसरा शिलेदार' असे बारसे केले. वस्तुतः तो हसत नाही. ओठ मिटलेले असून मिशांची टोके तेवढी वर वळली आहेत. शिलेदारीलाही पुरावा नाही. हा कोणी कापडाचा व्यापारी असावा, असा एका संशोधकाचा तर्क आहे. पण तर्क तो तर्कच. ती बाही मात्र पाहावी! मधमाश्या, बाण, ज्वाळा ओकणारी शिंगे, प्रेमाच्या गाठी, सारे भरतकाम कुंचल्याच्या चार झपाट्यांत उतरले आहे. जवळून पाहावे तर नुसते फटकारे, दूर सरावे तर जर. आणि कमरेवर हात ठेवून आपल्यावर रोखलेले ते कोपर! एवढे बोलणाऱ्या माणसास अनोळखी कसे म्हणावे?

नावावाचून चित्रास किंमत नाही, असे आमच्या स्नेह्यांचे म्हणणे. परंतु नावाच्या या हव्यासाने आपण केवढे फसलो! इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून आपल्याकडे छापले जात होते. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे डचांकडील चित्र पुढे आणिले, तेव्हा कोठे तो भ्रम फिटला. आपल्या पूर्वजांची भक्ती खोटी नव्हती. पण त्यांनी चेहरा पाहिला नाही, खालची ओळ वाचली.

आणि फैजपूरकरांनी तरी नावाचा हा आग्रह धरू नये. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन येथेच झाले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. टिळकनगर सजविले नंदलाल बोसांनी, तेही बांबू आणि गवत अशा गावच्याच साहित्याने. ही दोन नावे येथील मुलेही सांगतील. पण ते बांबू ज्यांनी चिरले, तट्टे ज्यांनी विणले, त्यांतले एक तरी नाव आमच्या स्नेह्यांनी सांगावे. नाव नाही म्हणून ते कामही बिनमोलाचे ठरवावयाचे काय?

चित्र आम्ही उतरविणार नाही. पुढच्या खेपेस स्नेह्यांनी "हे कोण?" ऐवजी "ही बाही कशी रंगविली असेल?" एवढे विचारावे; चहा दोनदा मिळेल.