नळावरची कुजबुज आणि अंडाशयातली गाठ

आपल्या वस्त्यांत एक खोड आहे. एखाद्या बाईच्या ओठावर जाड केस दिसले, आवाज घोगरा झाला, की नळावर कुजबुज सुरू होते. सासू म्हणते, म्हणूनच हिला मूल नाही. बाई पदर तोंडावर ओढून घरात बसते. दवाखान्याचे नाव कोणी काढत नाही.

काही वेळा याच्या मुळाशी अंडाशयातली गाठ असते. स्त्रीच्या अंडाशयात आणि पुरुषाच्या वृषणात हार्मोन बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांचीच गाठ झाली तर ती गाठही हार्मोन सोडू लागते. सर्टोली-लायडिग गाठ पुरुषी हार्मोन सोडते. मग पाळी बंद होते, दाढी-मिशी येते. ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठीचे उलटे. तिने पाळी गेलेल्या आजीच्या अंगावरून पुन्हा लाल जाते, किंवा पाच-सहा वर्षांच्या पोरीची छाती भरू लागते. (आणि आपण नजर उतरवतो!) पुरुषाला लायडिग पेशींची गाठ झाली तर त्याचीही छाती वाढू शकते. तो बिचारा सैल शर्ट घालून लपवतो.

या गाठी दुर्मीळ आहेत. चेहऱ्यावर केस येण्याचे नेहमीचे कारण पीसीओडी असते. वयात येणाऱ्या मुलाची छाती थोडी सुजते तीही बहुधा आपोआप उतरते. पण काही महिन्यांत भराभर बदल झाला, तर रक्तातले हार्मोन आणि सोनोग्राफी झालीच पाहिजे. पाळी गेल्यावर एकदा जरी लाल गेले, तरी दुखणे अंगावर काढू नका. पुरुषांनी वृषणांची सोनोग्राफी करायला लाजू नये. गाठ हाताला लागणार नाही इतकी लहान असू शकते.

लवकर सापडली तर बहुतेकदा एकच अंडाशय काढावे लागते, दुसऱ्यावर मूल होऊ शकते. पाळी परत येते, केस कमी होतात. घोगरा झालेला आवाज मात्र पुष्कळदा तसाच राहतो. कुजबुजीत घालवलेल्या महिन्यांची ही किंमत, आणि ती त्या बाईने एकटीने भरायची! ग्रॅन्युलोसा गाठ तर दहा-वीस वर्षांनीही उलटू शकते, म्हणून जुने केसपेपर फेकू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. आणि विहारातल्या महिलांच्या बैठकीत हा विषय एकदा मोठ्याने काढा, सासवांनाही बोलवा.