छाती उघडल्यावाचून निदान नको

शेळ्यांच्या सांसर्गिक फुफ्फुसदाहाचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली अल्जीरियात झाले. पुढे तुर्कस्तानातून आणलेल्या अंगोरा शेळ्यांबरोबर तो केप वसाहतीत शिरला, तेव्हा तो संसर्गानेच पसरतो हे तेथील सरकारी पशुवैद्य डंकन हचियन यांनी १८८१ साली सिद्ध केले आणि बाधित कळपांची कत्तल करून व उरलेल्यांना टोचून त्या मुलुखातून त्याचे उच्चाटनही केले. परंतु ज्या जंतूमुळे हा रोग होतो तो हाती लागण्यास मात्र १९७६ साल उजाडावे लागले. मधल्या दीर्घ काळात मायकोप्लाझ्मा मायकॉइडिस या जातीतील, शेळ्यांत आढळणारा एक निराळाच जंतू या रोगाचे कारण म्हणून मानला जात होता. हा जंतू शेळ्यांना पीडा देतो हे खरे, पण त्याचा उपद्रव सांधे, कास आणि डोळे यांतही दिसतो. निव्वळ छातीपुरता राहणारा अभिजात रोग त्याचा नव्हे. केनियात मॅकओवन आणि मिनेट यांनी ‘एफ-३८’ हा जंतू वेगळा केला तेव्हा कोठे या गोंधळाचा निरास होऊ लागला, आणि १९९३ साली त्याला मायकोप्लाझ्मा कॅप्रिकोलम, उपजाती कॅप्रिन्युमोनी, असे अधिकृत नाव मिळाले.

एवढा विलंब का लागला, याचा विचार आपल्या व्यवसायबंधूंनी आवर्जून करावा असे आम्हांस वाटते. मायकोप्लाझ्मांना पेशीभित्तिका नाही, त्यांना वाढीसाठी रक्तद्रवयुक्त पौष्टिक माध्यम लागते, आणि त्यांतही एफ-३८ हा इतका नाजूक व मंदगती की प्रथम संवर्धनात त्याची वाढ दिसण्यास आठवडा-दोन आठवडे सहज लोटतात. तेवढ्यात त्याच फुफ्फुसातील एखादा चपळ सोबती सगळी पेटरी-बशी व्यापून टाकतो आणि निरीक्षकाच्या दप्तरात त्याच्याच नावाची नोंद होते. १८९८ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत नोकार, रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरांच्या सांसर्गिक फुफ्फुसदाहाचा जंतू प्रथम वाढविला, तोही अशाच चिकाटीने: बाधित फुफ्फुसातील द्रवाचा अंश मिसळलेला मांसरस कलोडियनच्या पातळ पिशवीत भरून ती सशाच्या उदरपोकळीत ठेवली, आणि दोन-तीन आठवड्यांनी ती काढून पाहिली तेव्हा आतील रस किंचित गढूळ झालेला आढळला. या किंचित गढूळपणाची दखल घेणारी दृष्टी त्यांच्यापाशी होती, म्हणून पुढचे सारे शास्त्र उभे राहिले.

गुरांच्या रोगाविषयी आपला देश सुदैवी ठरला. आसामात रेंगाळलेला हा रोग नाहीसा झाला आणि २००७ साली जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताच्या रोगमुक्ततेवर शिक्कामोर्तब केले. परंतु मुक्ततेचा दाखला म्हणजे पहाऱ्यातून सुटी नव्हे. बोट्सवाना हा देश कित्येक दशके या रोगापासून मुक्त होता; १९९५ साली तो शेजारच्या मुलुखातून न्गामीलँडमध्ये शिरला आणि त्याच्या बंदोबस्तासाठी सुमारे ३ लाख २० हजार गुरे मारावी लागली. ज्यांची सारी मिळकत गोठ्यात बांधलेली असते अशा कुटुंबांवर त्या हुकुमाने काय प्रसंग गुदरला असेल, हे गुरांमध्ये आयुष्य घालविणाऱ्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत आपली स्थिती अधिक चिंताजनक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कळपात ठसका सुरू झाला, दोन-चार शेळ्या माना ताणून, पुढचे पाय फाकून, कण्हत उभ्या राहिल्या, की पीपीआर किंवा घटसर्प अशी नोंद करून पेनिसिलीन टोचावयाचे, हा परिपाठ अनेक ठिकाणी पडून गेला आहे. पेशीभित्तिकाच नसलेल्या जंतूवर पेनिसिलीन काय करणार? टायलोसिन किंवा टेट्रासायक्लीन वेळीच दिल्यास जनावर सावरते खरे. पण बरे दिसणारे जनावरही जंतू बाळगून असू शकते, आणि तेच पुढच्या बाजारात विकले जाऊन दुसऱ्या कळपात जाते. दूध आटविणारा मायकोप्लाझ्मा अ‍ॅगॅलॅक्टी हाही असाच कासेत तळ देऊन बसतो.

सबब, मेलेल्या शेळीची छाती उघडून पाहणे हेच आपल्या हाती असलेले पहिले संशोधन होय. पिवळसर, गवताच्या काडीच्या रंगाचा द्रव मुबलक साचलेला असेल, एकाच बाजूचे फुफ्फुस यकृतासारखे घट्ट होऊन बरगड्यांना चिकटलेले असेल, दुसरी बाजू जवळजवळ निरोगी असेल आणि उदरातील इंद्रिये स्वच्छ असतील, तर घटसर्पाच्या नोंदीवर समाधान मानू नये. निरोगी व रोगट भागांच्या सीमेवरील तुकडा आणि छातीतील द्रव निर्जंतुक बाटल्यांत घ्यावा, शक्यतो औषध न टोचलेल्या जनावराचा घ्यावा, बर्फात ठेवून त्याच दिवशी रवाना करावा, आणि सोबत कळपाची कैफियत, म्हणजे नवे जनावर कोठून व केव्हा आणले, करडे किती मेली, हे सविस्तर लिहावे.

१८८९ साली पुण्यात स्थापन होऊन पुढे मुक्तेश्वरास गेलेल्या प्रयोगशाळेतूनच देशातील पशुरोग संशोधनाची परंपरा सुरू झाली, आणि आज औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेचे दार आपल्या इलाख्यातील प्रत्येक दवाखान्यास खुले आहे. धनगरांचे वाडे कोकणातून घाटावर परतण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातून निदान एक तरी असा नमुना तेथे पोहोचावा, आणि मायकोप्लाझ्माची तपासणी व्हावी अशी मागणी सोबतच्या पत्रात स्पष्ट शब्दांत करावी, ही आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.