स्वस्तात फिरणाऱ्याचा पैसा कुठे जातो?

पाठीवर सॅक टाकून, बसने आणि रेल्वेने, कुणाच्या तरी घरातल्या खोलीत मुक्काम करत श्रीलंका पाहणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे फारसं बरं बोललं जात नाही. नातेवाईक म्हणतात, परदेशात जाऊन असले हाल कशाला? पर्यटनाच्या धंद्यातले म्हणतात, या लोकांकडून देशाला मिळतं काय? अशा दहा जणांपेक्षा एक खर्चिक पाहुणा बरा. विचारी माणसं याहून अवघड प्रश्न विचारतात. जो देश २०२२ मध्ये कर्ज फेडू शकला नाही, जिथे लोक पेट्रोल आणि गॅससाठी दिवसदिवस रांगेत उभे राहिले, तिथे आपल्या एका रुपयाला तीन-साडेतीन रुपये मिळतात म्हणून हिंडायला जाणं तुम्हाला पटतं तरी कसं? या सगळ्यांना मला उत्तर द्यायचं आहे. श्रीलंका पाहण्याची याहून सभ्य रीत मला माहीत नाही आणि ती टाकाऊ ठरवली जाताना गप्प बसवत नाही.

पैशाचं आधी पाहू. २०१८ मध्ये श्रीलंकेत २३ लाखांच्या आसपास पर्यटक आले होते. २०१९च्या ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, पाठोपाठ करोना आला आणि २०२१ मध्ये हा आकडा दोन लाखांच्याही खाली घसरला. २०२४ मध्ये तो पुन्हा २० लाखांवर गेला. त्यांत चार लाखांहून जास्त भारतीय होते, म्हणजे सर्वांत मोठा गट आपलाच. अशा वेळी तिथले धोरणकर्ते आणि बडे हॉटेलवाले एक सूर लावतात: डोकी मोजू नका, डॉलर मोजा. कोलंबोतल्या तारांकित हॉटेलांना किमान दर बांधून देण्याचा प्रयोगही तिथे एकदा सोडून पुन्हा झाला. माणशी रोजचा खर्च पाहिला तर सॅकवाला तळाला दिसणार, हे उघड आहे. पण हा हिशेब अर्धाच आहे. तो किती दिवस राहतो आणि त्याने दिलेली नोट पुढे कुणाच्या हाती पडते, हेही मांडायला हवं.

आपल्याकडचं नेहमीचं पॅकेज घ्या. पाच रात्री, सहा दिवस. कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, कोलंबो. पैसे मुंबई-पुण्यातच भरले जातात. त्यातून विमानाचं भाडं जातं, इथल्या कचेरीचा खर्च आणि नफा जातो, तिथल्या मोठ्या कंपनीचा आणि साखळी हॉटेलचा वाटा जातो. कित्येकदा आचारीसुद्धा इथूनच जातो, म्हणजे जेवणाचा पैसाही तिथल्या बाजारात धड उतरत नाही. वाटेत गाडी थांबते ती मातलेच्या मसाल्याच्या बागेपाशी किंवा रत्नांच्या दुकानापाशी, कारण चालकाची कमाई तिथल्या कमिशनवर धरलेली असते. कोकणात मिरीचे वेल पाहिलेल्या माणसाला तिथे मिरी दामदुपटीने विकली जाते आणि तोही सहलीचा भाग म्हणून घेतो. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याला पॅकेजशिवाय इलाज नसतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'पॅकेजवाला देशाला देतो आणि सॅकवाला देशाचं खातो' या समजुतीशी.

आता दुसरी वाट बघा. हपुतले या डोंगरातल्या गावाच्या चढावर मी ज्या घरात राहिले, त्यांनी २०१८ मध्ये कर्ज काढून वर दोन खोल्या बांधल्या होत्या. तिसरी बांधायची म्हणून गच्चीवर लोखंडी सळया उभ्या ठेवल्या होत्या, त्या गंजून तांबड्या झाल्या होत्या. खोल्या बांधून वर्ष होतं न होतं तोच स्फोट झाले, मग टाळेबंदी, मग इंधनटंचाई. नवरा टुकटुक चालवतो, पण डिझेल-पेट्रोल मिळेना तेव्हा तीही दारात उभी. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. सकाळी घरच्या बाईंनी इडिअप्पम, मसूरडाळीचं पातळ कालवण आणि पोळ सांबोल, म्हणजे तिथली खोबऱ्याची लाल चटणी, असं पान वाढलं. नारळ परसातला, अंडी शेजारणीकडची, पाव रस्त्यावरून बेथोव्हेनची धून वाजवत येणाऱ्या पावाच्या टुकटुकीतून घेतलेला. खोलीचं भाडं मी त्यांच्या हातात ठेवलं आणि दुपारपर्यंत त्यातले काही पैसे शेजारणीकडे, काही पाववाल्याकडे, काही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पोचले. मधे कुणी दलाल नाही, परदेशातली कंपनी नाही. असे पंधरा दिवस राहणारा माणूस त्या गावाला काय देतो, हे माणशी रोजच्या खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही.

जेवणाचं भय आपल्याकडे फार घातलं जातं. मासे खाणाऱ्या माणसाने तर ते मनातही आणू नये. रस्त्याकडेच्या 'कडे'त, म्हणजे साध्या खाणावळीत, पातळ प्लास्टिक अंथरलेल्या ताटलीत भाताची रास येते. भोवती डाळ, कोवळ्या फणसाची भाजी, चिरलेल्या पाल्याची कोशिंबीर, पापड आणि माशाचा तुकडा. आंबटपणासाठी आपण आमसूल घालतो, तिथे गोरका घालतात आणि तो कोकमाचाच भाऊबंद आहे. मालवण-रत्नागिरीच्या माणसाला या ताटात परकं फारसं काही नाही. शाकाहारी माणसाला मात्र एक इशारा देते. पोळ सांबोलात आणि कित्येक भाज्यांत 'उंबलकड' असते, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा. नुसतं 'मासे नको' म्हटल्याने भागत नाही, उंबलकडीचं नाव घेऊन विचारावं लागतं. विचारलं की तुमच्यासाठी वेगळं खोबरं वाटून देतात. संध्याकाळी मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुल माडाची काकवी, एवढ्यावर माझं जेवण कितीदा भागलं आहे.

आता त्या अवघड प्रश्नाकडे येते. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाचे हप्ते थांबवले, जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले, सप्टेंबरमध्ये महागाई ७० टक्क्यांच्या घरात होती. अशा देशात स्वस्ताईसाठी जाणं म्हणजे पडलेल्याच्या खिशात हात घालणं, असं काही जण म्हणतात. त्या मनाची मला कदर आहे, पण तर्क चुकतो आहे. एक तर रुपयाच्या भावाने फसू नये. तीन-साडेतीन रुपये मिळतात तसे वस्तूंचे आकडेही मोठे आहेत. दूध पावडर, अंडी आपल्याकडच्यापेक्षा तिथे महाग पडतात आणि साधं राहूनही भारतापेक्षा जास्तच खर्च होतो. दुसरं असं की त्या देशाचं संकट परकीय चलनाचं होतं. औषधं, तेल, गॅस आणायला डॉलर नव्हते आणि डॉलर आणणाऱ्या मोजक्या गोष्टींत चहा, कपडे, परदेशी गेलेल्या कामगारांचे पैसे यांच्याबरोबर पर्यटन होतं. हपुतलेच्या त्या घराला आपल्या न जाण्यातून काय मिळालं? गंजलेल्या सळया.

त्या आक्षेपात खरं एवढंच की कसं जावं याला फार महत्त्व आहे. २०२२च्या त्या उन्हाळ्यात एकट्या माणसासाठी वातानुकूलित गाडी दिवसभर पळवणं हे रांगेतल्या रिक्षावाल्याच्या वाट्याचं तेल जाळणं होतं आणि ते वाईटच होतं. सरकारी लाल बसमध्ये उभा राहिलेला प्रवासी तेवढ्यासाठी कुणाच्या वाट्याचं काही घेत नाही.

खरा राग मला आमच्याच पंगतीतल्या काही जणांचा येतो. टुकटुकवाल्याशी पन्नास श्रीलंकन रुपयांसाठी, म्हणजे आपल्या चौदा-पंधरा रुपयांसाठी, अर्धा तास हुज्जत घालायची आणि त्याचं कौतुक सांगत फिरायचं. 'फोटो टाकतो, प्रसिद्धी देतो' म्हणून फुकट खोली मागायची. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा, एल्लाच्या नऊ कमानी पुलावर रुळांत बसायचं, धावत्या गाडीच्या दारातून धड बाहेर झोकून द्यायचं. सिगिरियाला परदेशी म्हणून जास्त तिकीट पडतं यावर चिडायचं, सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर असतो हे विसरून. स्वस्तात फिरणं म्हणजे आपल्या सोयी कमी करणं. दुसऱ्याची मजुरी कमी करणं नव्हे. ही रेघ ज्याला दिसत नाही त्याच्याबद्दल हॉटेलवाले जे बोलतात त्यात चूक नाही आणि त्याचं समर्थन मी करणार नाही.

'हे सगळं पंचविशीतल्या पोरांना ठीक' असंही म्हणतात. वारीला आणि नर्मदा परिक्रमेला साठी उलटलेली माणसं निघतात त्या महाराष्ट्रात हे बोललं जावं याचं मला नवल वाटतं. रात्रीच्या एसटीने पायथ्याला उतरून, देवळात पथाऱ्या टाकून, गावातल्या घरी पिठलं-भाकरी सांगून गड पाहणाऱ्यांच्या पिढ्या आपल्याकडे आहेत. श्रीलंकेत तर देवळाच्या फरशीवरही झोपावं लागत नाही, मच्छरदाणीची स्वच्छ खोली मिळते. तिथल्या बऱ्याच सरकारी बसही अशोक लेलँडच्याच. चालकाच्या डोक्यावर बुद्ध, गणपती आणि मेरी एकाच रंगीत दिव्यांच्या माळेखाली असतात, पुढची आसनं भिक्खूंसाठी राखीव असतात आणि सॅक इंजिनाच्या झाकणाशेजारी ठेवली की कंडक्टर तिच्यावर लक्ष ठेवतो. श्रीपादाच्या २,२४३ मीटर उंच डोंगरावर डिसेंबर ते मे रात्रभर माणसं चढत असतात. माथ्यावरची पावलाची खूण बौद्ध बुद्धाची मानतात, हिंदू शिवाची, मुसलमान आणि ख्रिस्ती आदमची. हजारो पायऱ्या चढणाऱ्या त्या रांगेत अनवाणी आज्याही पाहिल्या आणि कडेवर मूल घेतलेल्या आयाही.

बाईने एकटीने जावं का, या प्रश्नाला मी सरसकट 'हो' म्हणत नाही. गर्दीच्या बसमध्ये अंगचटीला येणारे पुरुष तिथे आहेत, तिथल्या बायकाही ते सांगतात. पुढच्या बाजूला, एखाद्या बाईशेजारी बसावं. लांबचा प्रवास दिवसा करावा, कुटुंब राहत असेल अशाच घरात उतरावं. ही काळजी आपण इथेही घेतो.

आणि हाल सोसून मिळतं काय? कँडीहून बदुल्लाकडे जाणाऱ्या गाडीचं आरक्षण मिळवायच्या फंदात पडू नका. एल्लाच्या जागांचा काळाबाजार बोकाळलेला आहे. खिडकीवर विनाआरक्षण तिकीट घ्या. डब्यात चणे-वडे विकणारे येतात, मळ्यातली तमिळ कुटुंबं नानु ओयाला उतरतात आणि बोलणं सुरू झालं की बाहेरचा हिरवागार चहा वेगळा दिसू लागतो. या लोकांचे पूर्वज इंग्रजांनी तमिळनाडूतून आणले. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, १९४८ मध्ये, झालेल्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्व नाकारलं गेलं. रोजची मजुरी हजार श्रीलंकन रुपये व्हायला २०२१ उजाडलं. मळ्यातल्या कारखान्यात चहाचा घोट घेऊन तासाभरात निघणाऱ्या बसला या मजुरांच्या बराकी लांबून दिसतात, इतकंच.

उत्तरेकडे तर पॅकेज बहुधा फिरकतच नाही. जाफन्याचं ग्रंथालय १९८१ मध्ये जाळलं गेलं, हजारो तमिळ पुस्तकं आणि हस्तलिखितं त्यात गेली. आज ते पांढरंशुभ्र पुन्हा उभं आहे आणि आत शाळकरी मुलं अभ्यास करतात. यादवी युद्धात उखडलेला रेल्वेमार्ग भारताच्या मदतीने पुन्हा टाकला गेला आणि २०१४ मध्ये यालदेवी एक्स्प्रेस जाफन्यापर्यंत धावू लागली. त्याच मार्गावर अनुराधापूर आहे. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड तिथे आजही आहे. १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रीलंकेला गेले होते आणि आज महाराष्ट्रातले बौद्ध उपासक अनुराधापुरी येतात. पांढऱ्या वस्त्रांतल्या सिंहली बायकांशेजारी बसून मराठी बायका वंदना म्हणत होत्या, ते मी ऐकलं आहे. पाली दोघींना सारखीच येत होती.

म्हणून माझं सांगणं आहे की कोलंबोपासून सुरुवात करण्याची सवय मोडावी. नागपट्टिणमहून जाफन्याजवळच्या कांकेसंथुरईला जाणारी बोट २०२३ मध्ये सुरू झाली, मधे बंद पडली आणि २०२४च्या ऑगस्टपासून पुन्हा चालू झाली. हवामान बिघडलं की ती सुटत नाही, म्हणून हाताशी दोन दिवस जास्त ठेवावेत. मुंबईहून रेल्वेने चेन्नई, तिथून नागपट्टिणम, मग बोटीने चारेक तासांत कांकेसंथुरई आणि पुढे जाफना. मुलांना सुट्टी असते त्या मे महिन्यात नैर्ऋत्य किनाऱ्यावर पाऊस सुरू होतो, पण जाफना आणि त्रिंकोमाली कोरडे असतात, समुद्र शांत असतो आणि जाफन्याच्या बाजारात करुत्तकोलंबन आंबा आलेला असतो. तिथे राहायला आठच दिवस मिळणार असतील तर सहा ठिकाणं धावत पाहू नयेत. जाफना आणि अनुराधापूर एवढीच दोन करावीत आणि दोन्हीकडे कुणाच्या तरी घरी उतरावं.