लिपीच्या भांडणांत साहित्याचा बळी

सिंधी साहित्याच्या रक्षणाची गोष्ट निघाली कीं आपल्याकडील सुशिक्षितांच्या तोंडीं दोन उत्तरें तयार असतात. ‘सिंधी लोकांनीं आपली भाषा आपण होऊन टाकली, तिचें सुतक आपण कां पाळावें?’ हें एक, आणि ‘सिंध प्रांतांत ती भाषा सुखरूप आहे, मग चिंता कसली?’ हें दुसरें. हीं दोन्ही उत्तरें सोयीचीं आहेत, पण खरीं नाहींत. ‘आपला या प्रकरणाशीं संबंध काय?’ हा जो भाव त्यांच्या मुळाशीं आहे, तो तर इतिहासाच्या अज्ञानावरच पोसलेला आहे.

संबंध कसा नाहीं? १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीच्या दयाराम जेठमल सिंध कॉलेजाचे विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षांस बसत. कॅप्टन जॉर्ज स्टॅक यानें रचलेलें सिंधी व्याकरण १८४९ सालीं मुंबईसच छापून निघालें, आणि त्यांतील सिंधी मजकूर देवनागरींत होता, हें आज फारच थोड्यांस ठाऊक असेल. त्या काळीं सिंधमध्यें दरबारीं फारशी चाले, आणि हिंदु व्यापारी आपल्या वह्या खुदाबादीसारख्या लिप्यांत लिहीत. पुढें १८५३ सालीं, बार्टल फ्रिअर कमिशनर असतां, सरकारनें अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपि ठरवून दिली. आणि शाळा, कचेऱ्या व छापखाने यांत तीच रूढ झाली. आज जिच्यावरून भांडण चाललें आहे, ती लिपि अशी मुंबई सरकारच्या अमदानींत ठरलेली आहे.

या लिपीस कोणी ‘परकी’ म्हणून नाक मुरडतात. आधुनिक सिंधी वाङ्मय कोणत्या लिपींत जन्मलें, हें त्यांनीं एकदां पाहावें. मिर्झा कलीच बेग यांची ‘जीनत’ ही कादंबरी १८९० ची. शाह अब्दुल लतीफ या सूफी कवीच्या ‘रिसालो’ची चिकित्सक आवृत्ति प्रो. होतचंद गुरबक्षाणी यांनीं १९२३ ते १९३१ या काळांत तीन खंडांत काढली. कौडोमल खिलनाणी यांचें गद्य, किशनचंद बेवस यांची कविता, परमानंद मेवाराम यांचा १९१० चा कोश, हें सारें त्याच लिपीच्या आधारानें उभें आहे. लिहिणारे बहुतेक हिंदु, ज्याच्यावर लिहिलें तो कवि मुसलमान, आणि वाचणारे दोन्ही. एवढी संपत्ति एका फटकाऱ्यासरशीं ‘परकी’ ठरविणें म्हणजे घराच्या किल्ल्या विहिरींत टाकून देणें होय.

आतां पहिलें उत्तर घेऊं. परागंदा माणसाची भाषा कशी जाते, हें रत्नागिरीकरांस कोणी शिकवावयास नको. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ सालीं येथें आणला गेला आणि १९१६ सालीं येथेंच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी पुढें याच गांवीं नांदली, आणि तिच्या मुलाबाळांची भाषा मराठी झाली. त्यांनीं ब्रह्मी भाषेचा द्रोह केला, असें म्हणण्याचें धाडस कोणी करील काय? भाषेला शाळा लागते, कचेरी लागते, बाजार लागतो, शेजार लागतो. यांपैकीं एकही नसेल, तर राजाच्या घरींही ती टिकत नाहीं. मग १९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणींत, बराकींत पडदे बांधून राहिलेल्या निर्वासितांची काय कथा! तरीही त्या लोकांनीं भाषा टाकली नाहीं. उल्हासनगराची कोनशिला ८ ऑगस्ट १९४९ ची. पण कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनीं मुंबईंत जयहिंद कॉलेज काढलें तें त्याच्याही आधीं, १९४८ सालीं. गोविंद माल्ही, ए. जे. उत्तम, सुंदरी उत्तमचंदाणी, पोपटी हिरानंदाणी, मोहन कल्पना यांनीं फाळणीनंतरचें सिंधी साहित्य याच महाराष्ट्राच्या भूमींत घडविलें. ज्या भाषेला स्वतःचा प्रांत उरला नाहीं, तिला १९६७ सालीं राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें, तेंही या लोकांच्या चिकाटीनें.

दुसरें उत्तर अधिक फसवें आहे, कारण त्यांत अर्धें सत्य आहे. सिंधमध्यें ती भाषा बोलली जाते, शिकविली जाते, छापली जाते, हें खरें. पण तेथें छापलेलें पुस्तक उल्हासनगरच्या मुलाच्या हातीं दिलें तर त्यानें तें वाचावें कसें? १९५० सालीं भारत सरकारनें सिंधीसाठीं देवनागरी मान्य केली, आणि पुढच्याच वर्षीं दोन्ही लिप्यांना मुभा दिली. तेव्हांपासून विद्वानांचे दोन तट पडले. एक म्हणतो, अरबी लिपि गेली कीं वारसा गेला; दुसरा म्हणतो, देवनागरी आली नाहीं तर वाचकच उरणार नाहीं. दोघांचेंही म्हणणें बरोबर आहे, आणि म्हणूनच हें भांडण संपत नाहीं. दरम्यान मूल इंग्रजी शाळेंत गेलें, आणि दोन्ही लिप्यांस मुकलें. २०११ च्या शिरगणतींत सिंधी भाषकांची संख्या सुमारे २७ लाख ७२ हजार दिसते. पण तींत १० लाखांवर कच्छी बोलणारे मोजले आहेत. शिवाय हे बोलणारे झाले. वाचणारे किती, तें शिरगणति विचारीत नाहीं.

या बाबतींत आपण मराठी लोकांनीं तरी शहाणें असावें. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली. पणजोबांचें पत्र पणतूला वाचतां येईनासें झालें, आणि दप्तरखान्यांतील रुमाल थोड्या जाणकारांच्या आशेवर पडून राहिले. आपलें दैव बलवत्तर, म्हणून आपलें छापील वाङ्मय आधींपासूनच बाळबोधींत होतें. सिंधीचें दैव तसें नाहीं. तिची कादंबरी, तिची कविता, तिचीं मासिकें, हें सर्वच त्या बंद पेटींत आहे.

उपाय कळण्यास मोठी विद्वत्ता नको. १८५३ पासून १९४७ पर्यंतचीं निवडक पुस्तकें दोन्ही लिप्यांत, समोरासमोरच्या पानांवर छापावीं. सिंधीचे खास चार उच्चार अक्षराखालीं रेघ देऊन देवनागरींत दाखवितां येतात. ती अडचण केव्हांच सुटलेली आहे. मूल देवनागरीच्या दारानें आंत येईल, आणि ज्याला गोडी लागेल तो पलीकडचें पान वाचावयासही शिकेल. तुरळक पुस्तकें अशीं देवनागरींत आलींही आहेत. पण तुरळकपणानें वाङ्मय वांचत नसतें. मुंबई विद्यापीठाचा सिंधी विभाग आहे, महाराष्ट्र राज्याची सिंधी साहित्य अकादमी आहे, १९९४ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय परिषद आहे. सत्कार आणि पुरस्कार दहा वर्षें थांबले तर कोणाचें बिघडणार नाहीं. दोन्ही लिप्या सहज वाचणारी शेवटची पिढी मात्र दहा वर्षें थांबणार नाहीं.

आणि आपण? बंगाली कादंबऱ्या आपण शंभर वर्षें भाषांतरून वाचल्या. कल्याणच्या पलीकडे, लोकलच्या एका स्टेशनावर राहणाऱ्या लेखकांचीं किती पुस्तकें आपल्या घरांत आहेत, हें प्रत्येकानें आपल्या कपाटाकडे पाहून सांगावें. सिंध्याच्या दुकानांतून कापड घेतांना आपण भाव करतों. त्याच्या भाषेंतही कांहीं घेण्यासारखें असेल, ही शंका आपल्याला शिवत नाहीं. मराठीच्या अभिमानाचीं व्याख्यानें आपल्याकडे रोज होतात. ज्याला स्वतःच्या मातृभाषेचा जिव्हाळा आहे, त्याला शेजाऱ्याची मातृभाषा मरतांना स्वस्थ बसवत नाहीं. आणि ज्याला बसवतें, त्याच्या अभिमानाविषयीं आम्हांस शंका आहे.