हिरवी उलटी आणि सरकारी यादी

मूल व्यंग घेऊन जन्मले की त्याचा दोष आईच्या पदरी बांधण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ग्रहणात विळी हाती घेतली, पथ्य मोडले, असे सांगून घरचे मोकळे होतात. आतड्याच्या जन्मजात विकारांबाबत विज्ञान काय सांगते? गर्भाच्या पाचव्या ते बाराव्या आठवड्यांत आतड्याला गती देणाऱ्या मज्जापेशी वरून खाली सरकतात. त्या टोकापर्यंत पोहोचल्या नाहीत, तर तेवढा भाग निश्चल राहून मळ तुंबतो. डेन्मार्कचे डॉ. हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली याचे वर्णन केले. सुमारे पाच हजार बालकांमागे एकास हा विकार होतो. मुळाशी अनेकदा जनुकीय बदल असतो. गुदद्वार नीट न घडण्याचे प्रमाणही जवळपास तेवढेच आहे. जन्मतः चुकीच्या जागी राहिलेल्या आतड्याला पीळ पडला, तर ते काही तासांत मृत होते. यात त्या माऊलीचा अपराध कोणता?

विकार निसर्गाने दिला, हे खरे. पण १९४८ पासून शस्त्रक्रिया ज्ञात असताना होणारा मृत्यू दैवाच्या खाती मांडता येणार नाही. तो उशिराचा मृत्यू आहे, आणि उशीर गरिबाच्याच वाट्याला येतो. परंडा, भूम, वाशीकडील ऊसतोड कुटुंबाचे मूल दूरच्या फडावर, कोपीत जन्मले, तर त्याने मळ केला की नाही हे विचारणार कोण?

२०१३ साली पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या मूळ यादीतील तीस आजारांत नऊ जन्मजात व्यंगे आहेत. दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे. आतड्याचा एकही विकार नाही. जे यादीत नाही, ते शोधण्याची सक्ती कोणावर असणार? नीती आयोगाने २०१८ मध्ये ज्या जिल्ह्याला ‘आकांक्षित’ म्हटले, त्या धाराशिवने तरी ही उणीव मुकाट्याने सोसू नये.

मागण्या साध्या आहेत. हे विकार यादीत यावेत. प्रत्येक प्रसूतिगृहात बाळाचे गुदद्वार तपासावे आणि चोवीस तासांत मळ झाल्याची नोंद व्हावी. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात बालशल्यचिकित्सकाचे पद असावे व ते भरलेले असावे.

तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीवर तीन खुणा सांगाव्यात: हिरवी उलटी, फुगलेले पोट, न झालेला मळ. यांपैकी एकही दिसली तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न दवडता १०८ ला फोन करावा. आजारी नवजाताला मोफत वाहन व उपचार हा २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने दिलेला हक्क आहे. हक्क ठाऊक नसलेल्या आईला तो मिळवून देणे, हेही आपले राजकारणच आहे.