आयोगाने निदानाचा इतिहासही शिकवावा

प्रति,
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

महोदय,

३१ ऑगस्ट २०२४ रोजी निघालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात, न्यायवैद्यकशास्त्राच्या भागात, स्त्रियांमधले समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’त जाऊन बसले. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ चा. हा मजकूर २०२२ मध्ये आयोगानेच काढून टाकलेला. ओरड झाल्यावर आपण अभ्यासक्रम मागे घेतलात, दुरुस्त केलात, हे बरेच झाले. पण काढलेली गोष्ट दोन वर्षांत परत येते, कारण ती मुळात का आली आणि का गेली हे आपण कुणाला शिकवतच नाही. मी मानसोपचार शिकवतो, आणि माझे मागणे एवढेच आहे की ते शिकवावे.

‘होमोसेक्शुअल’ हा शब्द डॉक्टरांचा नव्हे. केर्टबेनी या लेखकाने १८६९ साली समलिंगी संबंधांना शिक्षा देणाऱ्या प्रशियाच्या कायद्याविरुद्ध निनावी पत्रके काढली, त्यांत तो छापला गेला. पुढे मानसोपचारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांच्या ग्रंथातून तो विकृतींच्या यादीत शिरला. १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच आपले मत बरेच सौम्य केले, तरी वैद्यक सत्तरेक वर्षे जुन्यालाच चिकटून राहिले.

मग १९५७ साली मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हुकर यांनी फार साधे काम केले. समलिंगी आणि भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्यांचे कागद, कोणता कुणाचा हे न सांगता, नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवले. तज्ज्ञांना ते ओळखता आले नाहीत. तोवरचे बहुतेक सिद्धांत दवाखान्यात किंवा तुरुंगात भेटलेल्या माणसांवरून बांधलेले होते. हुकर यांनी बाहेरची, आपापली कामे करून जगणारी माणसे घेतली. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकतेचे निदान आपल्या आजारांच्या यादीतून काढले, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

तरी एक फट उरलीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, ‘एफ ६६.१’ हा कोड होता: स्वतःचा लैंगिक कल स्वतःलाच नकोसा वाटणे. शेजारीच टीप होती की कल हा स्वतः आजार नव्हे. घरच्यांनी लग्न ठरवलेला मुलगा ‘मला असं नको आहे’ म्हणत ओपीडीत बसला, की टीप बाजूला राहायची आणि कोड केसपेपरवर यायचा. घराचा धाक त्याच्या डोक्यातला आजार ठरायचा. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने तो कोड काढला. आता लैंगिक विकृतीच्या निदानासाठी मुख्यतः एकच विचारायचे: समोरच्याची संमती नसताना किंवा तो ती देऊच शकत नसताना त्याच्याकडे वळणारे हे आकर्षण आहे का, आणि त्यावर कृती झाली आहे का किंवा त्याचा तीव्र त्रास होतो आहे का? त्याखेरीज निदान होते ते इजेचा वा मृत्यूचा मोठा धोका असला, किंवा लोक नावे ठेवतील या भीतीपलीकडचा तीव्र त्रास असला, तरच.

कल बदलण्याच्या ‘उपचारां’ना आयोगाने २०२२ मध्येच गैरवर्तन ठरवले आहे. पण नियम पाळणाऱ्या डॉक्टरला तो का आहे हे कळलेले नसेल, तर बंद खोलीत तो ‘समुपदेशन’ म्हणून तेच करील.

म्हणून पुढच्या अभ्यासक्रमात लैंगिक निदानांच्या प्रत्येक नावापुढे ते कधी आले, कुणी आणले, कोणत्या पुराव्यावर टिकले वा गळाले हे छापा, त्यावर परीक्षेत प्रश्न विचारा, आणि ही नावे ज्यांना आजवर चिकटवली त्या लोकांना मसुदा समितीत बसवा.

आपला,
मानसोपचाराचा एक शिक्षक